घोड्याचे डबे आणि ताईंची खुर्ची

आधी माफी मागून ठेवते. माझं शिक्षण चौथीपर्यंत. ऱ्हस्व-दीर्घ काही माझ्या हाती लागलं नाही, जिथं जे बरं दिसेल तिथं ते देते. अक्षरही असं की ओळ डावीकडून निघते आणि उजवीकडं पोचेपर्यंत खाली उतरलेली असते. पण मी ज्या घरात काम करते तिथं माझंच अक्षर सगळ्यांत सरळ येतं, हेही सांगून टाकते. ताई शाळेत बाई होत्या. फळ्यावरचं त्यांचं अक्षर छापल्यासारखं असायचं म्हणतात. आता त्यांनी सही केली की बँकेतून फोन येतो, ही सही कुणाची. म्हणून हे लिहिलेलं मी ताईंना दाखवणार नाही. दाखवलं तर चुका काढायला बसतील, आणि त्यांच्या हातात लाल पेन दिलं की चादर धुवायला टाकावी लागते.

मला चारचौघांत बोलता येत नाही. कुणी नाव विचारलं तरी मी आधी त्यांच्या चपलांकडं बघते. मग बोलायचं राहून जातं ते असं कागदावर उतरवते.

माझं काम माणसं सांभाळायचं. घर शहरात आहे, गारखेड्यात. मूळ घराणं देवगाव रंगारीचं, शेती अजून तिकडं आहे. घरात तिघं. ताई, त्यांचं लग्न झालेलं नाही. त्यांचे धाकटे भाऊ नाना, सरकारी कचेरीतून लवकर निवृत्त झालेले. आणि नानांची बायको, त्यांना मी वहिनी म्हणते. ताई आणि नाना दोघांना एकच आजार. तो वडिलांकडून आला, आणि वडिलांना त्यांच्या आईकडून आला असावा, कारण गावात म्हणायचे की म्हातारी झुलत चालते. मेंदूचा जो भाग तोल सांभाळतो तो हळूहळू झिजत जातो. अक्कल शाबूत राहते, पण पाय ऐकत नाहीत, हाताचा नेम चुकतो आणि जीभ जड होते. ताई आता चाकाच्या खुर्चीत असतात. नाना भिंत धरून चालतात.

या कामात पहिलं शिकायचं ते म्हणजे ओढायचं नाही. हात धरून ओढलं की माणूस पडतो. आपण कठड्यासारखं बाजूला उभं राहायचं आणि त्यांनी आपल्याला धरायचं. दुसरं, पेला जड बुडाचा घ्यायचा आणि अर्धाच भरायचा. तिसरं लई अवघड आहे. त्यांचं वाक्य आपण पुरं करायचं नाही. ताई “मला च...” म्हणून थांबल्या की नवीन माणूस लगेच चहा आणतं. ताईंना चष्मा पाहिजे असतो. त्या रागारागानं चहा पितात आणि पुन्हा सुरुवात करतात, “मला च...”

नानांचा त्रास वेगळा. ते घराबाहेर पडले की लोकांना वाटतं, घेतलेली आहे. एकदा मी त्यांना घेऊन रस्त्यावर उभी होते तर एक रिक्षावाला थांबून म्हणाला, “क्या चचा, सुबू-सुबूच चालू हो गये क्या?” मला जमिनीत जावंसं वाटलं. नाना मात्र शांतपणे रिक्षात बसले आणि क्रांती चौकापर्यंत त्याला मेंदूचे भाग समजावून सांगितले. उतरताना रिक्षावाला म्हणाला, “चचा, मेरे साले को बी येईच बीमारी है लगता. शाम को होती, सुबे उतर जाती.”

दोघांच्या गोळ्या लावून देणं हेही माझंच काम. या आजारावर गिळायचं असं औषध नाही, हे मेंदूच्या डॉक्टर मॅडमनी आधीच सांगितलं होतं. व्यायाम करा, बोलायचा सराव ठेवा, पडू नका. पण पडू नका एवढं सांगून माणसाचं समाधान होत नाही. त्याला काहीतरी गिळायला पाहिजे असतं. हा आजार असलेल्या लोकांचा मोबाईलवर एक ग्रुप आहे. सकाळी गुड मॉर्निंगची फुलं झाली की कोण काय घेतं ते सुरू होतं. कुणी ई व्हिटॅमिनची पिवळी कॅप्सूल घेतं, कुणी क्यू टेनची नारिंगी. कुणी द्राक्षाच्या बियांची पूड, कुणी हिरवा चहा. या सगळ्यांचं आडनाव एकच, अँटिऑक्सिडंट. हा शब्द मला शिकवायला ताईंना अख्खी दुपार लागली, कारण तो दोघींच्याही जिभेवर बसत नव्हता.

मी नानांना विचारलं होतं, हे करतं काय. नाना म्हणाले, “आपण श्वास घेतो ना कला, त्या ऑक्सिजननंच आतून गंज चढतो. ही गोळी गंज धरू देत नाही.”

मी म्हणाले, “मग चिंच का नाय खात? मी तांब्याची घागर चिंचेनंच घासते.”

ताई हसल्या आणि त्यांना ठसका लागला. नाना मात्र विचारात पडले. त्यांनी आठवडाभर चिंचेचं सार करून घेतलं. गंज निघाला की नाही ते सांगता येणार नाही, बाकी सगळं निघालं.

शेवटी आम्ही सगळ्या बाटल्या पिशवीत घालून डॉक्टर मॅडमकडं नेल्या. त्यांनी त्या टेबलावर मांडल्या तर दुकान झालं. त्या म्हणाल्या, “अगदी असाच दिसणारा एक आजार असतो, त्यात अंगात ई व्हिटॅमिनच कमी पडतं. त्या लोकांना ही पिवळी गोळी खरंच कामाची. तुमचं रक्त तपासलंय, तुमचा तो नाही. बाकीच्यांचा उपयोग होतो असं अजून कुणाला नक्की सांगता आलेलं नाही. घ्यायचं तर मला सांगून घ्या, आणि जास्त घेतलं की जास्त गुण येतो असं धरू नका.”

ताईंनी त्या दिवशी सगळं बंद केलं, एक पिवळी तेवढी ठेवली. नानांनी त्या सगळ्या बोलण्यातला ‘अजून’ हा एकच शब्द घरी आणला.

मग टायवाला साहेब आला. नानांच्या जुन्या ओळखीतला. त्याच्याकडं एक डबा होता, त्यावर डाळिंब फोडलेलं आणि मागं एक घोडा उधळलेला. आम्ही सगळे त्याला घोड्याचा डबा म्हणायचो. त्यात म्हणे सगळी अँटिऑक्सिडंट एकत्र होती. स्वतः घ्यायचं, दुसऱ्याला विकायचं, त्यानं तिसऱ्याला विकायचं, आणि बसल्या जागी चांदीचं पद, मग सोन्याचं, मग हिऱ्याचं. थोड्याच दिवसांत घरात खोक्यांवर खोकी आली. वहिनींनी विचारलं, “अहो, हे पैसे?” नाना म्हणाले, “सँपल आहे. कंपनी फुकट देते.” खोकी दिवाणाच्या पोटात गेली आणि पोटातल्या रजया कपाटावर आल्या.

नाना विकायला मनापासून जायचे. मी कठडा म्हणून सोबत. ते लोकांना सांगायचे, “यानं तोल सुधारतो. माझ्याकडेच बघा.” लोक बघायचे. नाना दाराची चौकट धरून डुलत असायचे. लोक पाणी द्यायचे, बसायला खुर्ची द्यायचे, एकानं तर डॉक्टरचा पत्ता दिला. डबा कुणी घेतला नाही.

एकदा परत येताना मी म्हणाले, “नाना, ताईंनी तर सोडलं की हे सगळं. तुमी कशापायी?” ते म्हणाले, “ताईला बघतो तेव्हा मला माझी पुढची वर्षं दिसतात. तू नको सांगू तिला.” मी कुणाला काय सांगणार. पण त्यानंतर मी त्यांच्या डब्यांना हसायचं कमी केलं.

ताईंना एकच गोष्ट पाहिजे होती, बॅटरीची खुर्ची. बोटानं कळ दाबली की चालते ती. त्या म्हणायच्या, “मला एकदा... कुणाला न सांगता... कोपऱ्यापर्यंत जाऊन यायचंय.” कोपऱ्यावर काय आहे म्हणाल तर किराणा दुकान आणि एक झोपलेलं कुत्रं. पण कुणाला न सांगता, हे त्यातलं खरं. माझ्याशिवाय त्यांना अंगणातसुद्धा जाता येत नव्हतं, आणि मी तर आंघोळीपासून झोपेपर्यंत समोर. त्या पेन्शनमधून पैसे साठवत होत्या. सहीच्या कटकटीमुळं ते नानांच्या खात्यात ठेवले होते. पैसे पुरे झाल्यावर नानांनीच दुकानात खुर्ची सांगून ठेवली. पुण्याहून यायची होती.

संक्रांत आली. वहिनींचं हळदीकुंकू ठरलं. बाहेरच्या वाचकांसाठी सांगते, यात बायका जमतात आणि घरची बाई प्रत्येकीला एक वस्तू देते, तिला वाण म्हणतात. कुणी वाटी देतं, कुणी कंगवा. वहिनींना या वेळी काही सुचत नव्हतं. नाना हुरडा खायला देवगावला गेले होते. ताई म्हणाल्या, “शोभा, ते घोडे... वाट की. फुकटचेच आहेत. रजया तरी... आत जातील.”

वहिनींना ते एकदम पटलं. मीच दिवाण उघडून डबे काढून दिले. प्रत्येक बाईला तिळगूळ, हळदकुंकू आणि एक घोडा. बायका खूश. शेजारच्या पाठककाकू म्हणाल्या, “शोभा, यंदा वाणाला औषध? म्हणजे आम्ही म्हाताऱ्या दिसतो का गं?” पण डबा पदराखाली घेतला. संध्याकाळी दिवाण रिकामा, रजया आत, ताई समाधानात.

दुसऱ्या दिवशी नाना परतले. त्याच सकाळी खुर्चीवाल्याचा फोन आला होता की खुर्ची आलीय, पैसे घेऊन या. नाना आले ते भिंत धरून थेट दिवाणाकडं गेले, झाकण उघडलं आणि रजयांकडं बघत राहिले.

“कला, डबे?”

मी त्यांच्या चपलांकडं बघितलं. वहिनींनी सांगितलं. नाना जमिनीवर बसले. पडले नाहीत, बसले, मला फरक कळतो. मग सगळं बाहेर आलं. नाना स्वतः खायचे तेवढे डबे सँपलचे, बाकी सगळे विकत घेतलेले. ताईंच्या खुर्चीचे सगळे पैसे त्या डब्यांत होते. विकून महिन्याभरात परत ठेवू असं त्यांना वाटलं होतं. टायवाल्यानं एवढंच मान्य केलं होतं की सील न फोडलेला माल येत्या शनिवारपर्यंत आणला तर पैसे परत.

ताई तोंड उघडून पहिला शब्द शोधायला लागल्या. आम्ही कुणी वाक्य पुरं करायला गेलो नाही. मग त्या म्हणाल्या, “म्हणजे... माझी खुर्ची... मीच वाटली. तिळगुळाबरोबर.” आणि हसायला लागल्या. ते हसणं आधी खरं होतं, नंतर नव्हतं. नाना म्हणाले, “ताई, मी...” ताई म्हणाल्या, “बाळू, आत्ता नको. आधी घोडे आण.”

आता मागायला कोण जाणार? दिलेलं वाण परत मागायचं ही गोष्ट कुणी ऐकलेली नाही. वहिनी म्हणाल्या, “मी मरेन पण मागणार नाही.” नाना गेले तर बायकांच्या घरी पुरुष वाण मागतोय, तेही डुलत. मग वहिनी माझ्याकडं बघायला लागल्या.

“कला, तुमच्यात हळदीकुंकू नसतंच ना?”

आम्ही बौद्ध. आमच्यात नाही करत.

“मग तुला दोष लागत नाही,” वहिनी म्हणाल्या.

त्या घरात इतकी वर्षं काढली, पण माझ्या धर्माचा असा उपयोग आधी कुणी केला नव्हता. आणि निवड कुणाची, तर कांदे घेताना भाव विचारायलाही जी लाजते तिची. मी ताईंकडं बघितलं. त्यांचं बोट खुर्चीच्या हातावर कळ दाबल्यासारखं हलत होतं. म्हणून गेले.

वहिनींनी तोडगा काढला होता. परत मागायचं नाही, बदलून द्यायचं. औरंगपुऱ्यातून चहाच्या गाळण्या आणल्या. घोडा घ्यायचा, गाळणी द्यायची. “चुकून जुना माल गेला, असं सांग,” त्या म्हणाल्या. मी ते वाक्य अंगण ओलांडेपर्यंत पाठ केलं.

पहिलं दार पाठककाकूंचं. त्यांनी दार उघडलं आणि माझं वाक्य गेलं. मी चपला बघितल्या. तीन जोड होते.

“काय गं कला?”

“वहिनींनी पाठवलंय.”

“कशाला?”

“तो डबा.”

“त्याचं काय?”

मी गाळणी पुढं केली. मला पुढचं काही आठवेना. डोळ्यांत पाणी यायला लागलं, मला लाजेनं येतं ते.

काकूंचा चेहरा बदलला. “कला, खरं सांग. कुणी खाल्लं का ते?”

“नाना खातात रोज.”

“आणि कसे आहेत नाना?”

मी खरं ते सांगितलं. “सकाळपास्नं जमिनीवर बसलेत.”

काकू आत पळाल्या आणि डबा चिमट्यात धरल्यासारखा दोन बोटांत धरून घेऊन आल्या.

मी दुसऱ्या दारापर्यंत पोचले तेव्हा तिथली बाई डबा घेऊन बाहेर उभी होती. फोन माझ्यापेक्षा जोरात पळत होता. तिसऱ्या घरी डबा कुंपणावर ठेवलेला होता, वरून दगड. एका घरी गाळणीसुद्धा घेईनात. मी सांगायचा प्रयत्न केला की तसं काही नाही, पण मी जितकी अडखळत होते तितका त्यांना विश्वास बसत होता. ताईंनी ऐकल्यावर त्या इतक्या हसल्या की मला खुर्ची धरावी लागली. म्हणाल्या, “आता जाऊन... खरं सांगू नकोस. शनिवारनंतर... मी फोन करते सगळ्यांना.” तसे त्यांनी केलेही. एकेका फोनला निम्मा तास लागला.

पण काही घोडे पुढं पळालेले होते. वाणाचं असंच असतं, नको असलेलं वाण पुढच्या हळदीकुंकवात दुसरीला देतात. एकीनं नणंदेला दिलेलं, नणंदेनं शेजारणीला. मी अख्खा गारखेडा पालथा घातला. वहिनी रोज संध्याकाळी कुणाकडं ना कुणाकडं हळदीकुंकवाला जायच्या. शुक्रवारी त्या परतल्या आणि टेबलावर वाणात मिळालेला डबा ठेवला. घोडा.

“आपलाच आहे,” त्या म्हणाल्या. “तळाला कलाच्या हळदीच्या बोटाचा डाग आहे.”

शेवटी एकच डबा आला नाही. मागच्या गल्लीतल्या जाधवसाहेबांनी तो फोडून खायला सुरुवात केली होती. मी गेले तर ते म्हणाले, “परत कशाला? पोट लई साफ होतंय. अजून आहेत का?” मी घरी येऊन सांगितलं. नाना इतक्या दिवसांत पहिल्यांदा हसले. म्हणाले, “म्हणजे एक गिऱ्हाईक होतं.”

शनिवारी आम्ही तिघं टायवाल्याच्या ऑफिसात गेलो. मी, ताई आणि नाना. रिक्षात पुढं मागं खोकीच. तिथं एका हॉलमध्ये नवीन लोकांची मीटिंग भरलेली. टायवाला फळ्यावर गोल काढून चांदी, सोनं, हिरा समजावत होता. मी ताईंना ढकलत पुढं नेलं. त्यानं आम्हाला ओळखलं आणि हळू आवाजात म्हणाला, “मॅडम, नंतर या ना. आणि यात एक डबा कमी असेल तर पूर्ण लॉट बसत नाही. थोडं कापून देऊ.”

ताई म्हणाल्या, “कापायचं... नाही.”

“मॅडम, लोक बसलेत. जरा लवकर बोला.”

“मला... लवकर... बोलता... येत... नाही.” ताई शाळेतल्या आवाजात बोलत होत्या. मागच्या बाकापर्यंत जाणारा तो आवाज. “तुमचं... औषध... आमच्या घरात... आहे.”

समोरच्या रांगेतल्या एकानं हातातला डबा खाली ठेवला. टायवाला नानांकडं वळला, “सर, तुम्ही तरी सांगा.” नाना मला सोडून एक पाऊल पुढं आले, डुलले, आणि टायवाल्याचा टायच धरला. मुद्दाम नाही, जे हाताला लागेल ते धरायची त्यांना सवय आहे. “मी तर... रोज दोनदा घेतो,” नाना म्हणाले.

मागच्या दोन रांगा उठल्या.

टायवाल्यानं ड्रॉवर उघडला. कापाकापीचं पुन्हा नाव काढलं नाही, जाधवसाहेबांचा डबाही धरला. नोटांचं पुडकं ताईंच्या मांडीवर ठेवलं आणि म्हणाला, “बरोबर आहेत, मॅडम. या आता.”

ताई म्हणाल्या, “मोजते.”

मी हात पुढं केला. त्यांनी तो बाजूला सारला. नेम चुकणाऱ्या बोटांनी पहिली नोट सोडवली, उजेडात धरली आणि म्हणाल्या, “ए...क.” टायवाल्यानं डोळे मिटले. मध्ये एक नोट खाली पडली, ती मी उचलून दिली, तर ताईंनी पुन्हा पहिल्यापासून सुरुवात केली. उरलेले लोक जागचे हलले नाहीत. एक म्हातारी त्यांच्याबरोबर पुटपुटत मोजायला लागली. नाना भिंतीला टेकून उभे होते आणि ओठ हलवत होते. दुपार होत आली तेव्हा शेवटची नोट मांडीवर आली. ताईंनी पुडकं नीट केलं, टायवाल्याकडं बघितलं आणि आकडा सांगितला, अजिबात न अडखळता. सगळे पैसे आले होते, एक रुपया कमी नाही.